वाळूवर कोण आणि स्टेजवर कोण? साठच्या दशकातल्या अमेरिकन बीच पार्टी चित्रपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रँकी-ॲनेटच्या जुन्या चित्रपटांचा विषय निघाला की वाचकांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. चित्रपट पाहिलेले नसतील तर पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा. पाहिले असतील तर थेट तिसऱ्यावर गेलात तरी चालेल.

१. बीच पार्टी चित्रपट म्हणजे नेमके कोणते?

गाभा सात चित्रपटांचा. स्वस्तात आणि झपाट्याने चित्रपट काढणाऱ्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स (पुढे नुसतं ‘एआयपी’) या कंपनीने ते १९६३ ते १९६६ या काळात काढले: ‘बीच पार्टी’ (१९६३), ‘मसल बीच पार्टी’, ‘बिकिनी बीच’ आणि ‘पजामा पार्टी’ (१९६४), ‘बीच ब्लँकेट बिंगो’ आणि ‘हाउ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’ (१९६५), ‘द घोस्ट इन द इनव्हिजिबल बिकिनी’ (१९६६). सातपैकी पाच विल्यम ॲशरने दिग्दर्शित केले. फ्रँकी ॲव्हलॉन आणि ॲनेट फुनिसेलो ही त्यातली ठरलेली जोडी. कथा विचारू नका. कॅलिफोर्नियाचा किनारा, सर्फबोर्ड, फ्रँकीची नजर भलतीकडे, ॲनेटचा रुसवा, अधूनमधून गाणं, शेवटी मोटरसायकलवाल्यांशी हाणामारी आणि समेट.

त्याआधीच्या पायऱ्या दोन: सर्फिंग शिकणाऱ्या मुलीचा ‘गिजेट’ (१९५९) आणि ‘व्हेअर द बॉइज आर’ (१९६०). यश दिसल्यावर इतर स्टुडिओही वाळूत उतरले आणि ‘राइड द वाइल्ड सर्फ’ (१९६४), ‘बीच बॉल’ (१९६५) असे चित्रपट आले. एआयपीने तर तोच मसाला बर्फावर नेऊन ‘स्की पार्टी’ (१९६५) केला. इथे सोयीसाठी या सगळ्यांना बीच पार्टी चित्रपटच म्हटलं आहे.

२. इतक्या हलक्याफुलक्या चित्रपटांत वर्ण-वंश कशाला शोधायचा? करमणूक म्हणून पाहावेत की.

पाहा की. मीही पाहतो आणि हसतोही. पण तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की गंमत जरा वेगळी दिसायला लागते. ‘बीच पार्टी’ ऑगस्ट १९६३ मध्ये झळकला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला वॉशिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी अडीच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. ‘बिकिनी बीच’ जुलै १९६४ चा. नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली ती त्याच महिन्यात, २ तारखेला. ‘हाउ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’ १९६५ च्या उन्हाळ्यात चालू असताना ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली आणि ३४ माणसं मेली. त्याच महानगराच्या कडेला पडद्यावर पोरं नाचत होती.

चित्रपटाने बातम्या दाखवायला हव्या होत्या असं कुणीच म्हणत नाही. मुद्दा इतकाच, की ‘सगळी अमेरिकन तरुणाई’ म्हणून जी टोळी दाखवली, ती एकजात गोरी होती, आणि बघणाऱ्याला त्यात काही खटकू नये अशा बेताने दाखवली होती.

३. म्हणजे या चित्रपटांत कृष्णवर्णीय कलाकार नाहीतच?

आहेत, आणि एकेक नाव मोठं आहे. ‘मसल बीच पार्टी’त तेरा वर्षांचा स्टीव्ही वंडर दिसतो. तेव्हा तो ‘लिटल’ स्टीव्ही वंडर होता आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. ‘बिकिनी बीच’मध्ये तो पुन्हा आला. ‘बीच बॉल’मध्ये सुप्रीम्स हा तिघी गायिकांचा गट आहे. ‘स्की पार्टी’त जेम्स ब्राऊन आणि फेमस फ्लेम्स बर्फावरच्या बचाव पथकाच्या वेशात येतात आणि ‘आय गॉट यू’ गातात. वर्ष संपण्याआधी हे गाणं अमेरिकाभर गाजलं. ‘कॅटालिना केपर’मध्ये (१९६७) लिटल रिचर्ड आहे आणि ‘इट्स अ बिकिनी वर्ल्ड’मध्ये (१९६७) द टॉइज हा तिघींचा गट.

या सगळ्यांमध्ये समान काय, ते चौथ्या प्रश्नात.

४. स्टेजवर तर होते ना? मग तक्रार कसली?

तक्रार स्टेज आणि वाळू यांच्यामधल्या अंतराची आहे. कृष्णवर्णीय कलाकार येतो, एक-दोन गाणी म्हणतो, गोरी पोरं त्यावर बेभान नाचतात आणि तो जातो. त्याला नाव नाही, प्रेमप्रकरण नाही, शेकोटीभोवती जागा नाही. तो कुणाशी भांडत नाही, कुणावर रुसत नाही. म्हणजे या चित्रपटांत माणसं जे जे करतात, त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही.

सुप्रीम्सचंच बघा. ऑगस्ट १९६४ पासून पुढच्या वर्षभरात त्यांची सलग पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘बीच बॉल’ आला तेव्हा त्या चित्रपटातल्या कुठल्याही नटापेक्षा त्या तिघी जास्त प्रसिद्ध होत्या. तरी कथेत त्यांना स्थान नाही.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी विचारत नाही. पाहुण्याचं गाणं कथेपासून सुटं ठेवलेलं असलं की ते कापूनही टाकता येतं. हॉलिवूडला ही सोय जुनीच ठाऊक होती. १९४० च्या दशकात एमजीएम स्टुडिओ कृष्णवर्णीय गायिका लेना हॉर्नची गाणी कथेपासून वेगळी ठेवायची, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या चित्रपटगृहांना ती काढून चित्रपट दाखवता यायचा. बीच पार्टी चित्रपटांतली पाहुण्यांची गाणी नेमकी याच साच्यातली आहेत. गोरे बँडही तसेच येऊन जातात हे खरं. पण गोऱ्या गायकांपैकी काहींना संवाद मिळतात, काहींना भूमिका मिळतात, आणि नायक फ्रँकी तर मुळात गायकच.

५. सेन्सॉरने बंदी घातली होती का? म्हणून निर्मात्यांचा नाइलाज झाला असेल.

नाही. हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या प्रॉडक्शन कोड या नियमावलीत गोरे-काळे प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती, पण १९५६ च्या सुधारणेत ते कलम गेलं. ‘बीच पार्टी’ त्यानंतर सात वर्षांनी आला. शिवाय ते कलम प्रेमसंबंधांपुरतं होतं. वाळूवर शेजारी बसून सॉसेज भाजायला कोडची हरकत कधीच नव्हती.

अडथळा बाजाराचा होता. आंतरवर्णीय लग्नावरची बंदी अमेरिकाभर रद्द झाली ती १९६७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया निकालाने. तोवर पोहण्याच्या पोशाखातली काळी-गोरी पोरंपोरी एकत्र दाखवून दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांचा रोष ओढवायची कुणाचीच तयारी नव्हती.

६. तेव्हाच्या खऱ्या किनाऱ्यांवर काय चाललं होतं?

इथे जरा थांबायला हवं, कारण चित्रपट आणि वास्तव एकाच जागेवर भेटतात असं उदाहरण आहे. ‘व्हेअर द बॉइज आर’ फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये घडतो. कॉलेजच्या सुटीत चार मुली तिथे जातात. डिसेंबर १९६० मध्ये तो प्रदर्शित झाला आणि त्यानंतर सुटीत या गावाकडे विद्यार्थ्यांची झुंबड उडाली. सगळ्या अमेरिकेला हाक घालणारा तो किनारा फक्त गोऱ्यांसाठी होता.

कृष्णवर्णीयांना काउंटीने (म्हणजे तिकडच्या जिल्हा प्रशासनाने) १९५४ मध्ये वेगळा किनारा दिला होता. तिथपर्यंत रस्ता बांधून देऊ असं आश्वासन होतं. रस्ता काही झाला नाही, त्यामुळे बोटीने जावं लागे. शेवटी ४ जुलै १९६१ ला, म्हणजे चित्रपट येऊन सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, युला जॉन्सन आणि डॉ. व्हॉन मिझेल यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय नागरिक शहराच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले. अशा सत्याग्रहाला तिकडे ‘वेड-इन’ म्हणत. उन्हाळाभर तो चालला. शहराने आंदोलकांवर खटला भरला आणि १९६२ मध्ये निकाल शहराच्या विरोधात गेला. तो जुना बोटीचा किनारा आज सरकारी उद्यान आहे आणि २०१६ पासून त्याला मिझेल आणि जॉन्सन यांचंच नाव आहे.

फोर्ट लॉडरडेल एकटं नव्हतं. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीला डॉ. गिल्बर्ट मेसन यांच्या नेतृत्वाखाली पाण्यात उतरलेल्यांवर २४ एप्रिल १९६० ला गोऱ्या जमावाने हल्ला केला. फ्लोरिडातल्याच सेंट ऑगस्टीनच्या किनाऱ्यावर जून १९६४ मध्ये तेच झालं. पुढच्याच महिन्यात ‘बिकिनी बीच’ लागला.

७. पण हे सगळं दक्षिणेतलं. एआयपीचे चित्रपट कॅलिफोर्नियातले आणि तिथे असा कायदा नव्हता ना?

कायदा नव्हता, वहिवाट होती. लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीच गावात विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ मध्ये समुद्राला लागून जमीन घेतली आणि कृष्णवर्णीयांसाठी विश्रामधाम चालवलं. १९२४ मध्ये गावाने बागेच्या नावाखाली ती जमीन ताब्यात घेण्याची प्रक्रिया सुरू केली. काउंटीने ती वारसांना परत दिली २०२२ मध्ये. वारसांनी पुढच्या वर्षी ती सुमारे २ कोटी डॉलरला काउंटीलाच विकली.

सँटा मोनिकात बे स्ट्रीटच्या टोकाला कृष्णवर्णीयांचा म्हणून एक पट्टा होता. गोरे त्याला हिणवून ‘इंकवेल’ म्हणजे दौत म्हणायचे. याच पट्ट्यावर निक गॅबल्डॉन सर्फिंग शिकला. आई कृष्णवर्णीय, वडील मेक्सिकन वंशाचे. बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारत तो तिथून मालिबूपर्यंत, सुमारे १२ मैल, जात असे असं सांगतात. जून १९५१ मध्ये मालिबूच्याच धक्क्याच्या खांबांवर आपटून तो गेला. वय २४. म्हणजे गिजेट पडद्यावर येण्याच्या आठ वर्षं आधी मालिबूच्या लाटांवर एक कृष्णवर्णीय सर्फर होता. सँटा मोनिकाने २००८ मध्ये तिथे फलक लावला.

आता घरांचं बघू. किनाऱ्यावर कोण दिसणार हे किनाऱ्याजवळ कोण राहतं यावर ठरतं. घर विकताना-भाड्याने देताना वर्णभेद करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये केला. नोव्हेंबर १९६४ मध्ये मतदारांनी जवळपास ६५ टक्के मतांनी तो उलटवला. मतदारांचा हा निर्णय न्यायालयांनी नंतर घटनाबाह्य ठरवला, पण बीच पार्टी चित्रपटांचा बहर नेमका त्या मधल्या काळातला.

८. एआयपीचे मालक वर्णद्वेष्टे होते का?

त्यांच्या मनात काय होतं यापेक्षा त्यांचा हिशेब काय होता हे पाहणं सोपं आहे, कारण तो हिशेब सॅम्युएल आर्कॉफ आणि जेम्स निकल्सन ही जोडी उघड सांगायची. मोठी मुलं जे बघतात ते लहान मुलं बघतात, उलटं होत नाही. मुलगे जे बघतात ते मुली बघतात, उलटं होत नाही. तेव्हा नेम धरायचा तो १९ वर्षांच्या मुलावर. हा मुलगा गोरा आहे हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती.

पण याच कंपनीने १९६४ मध्ये ‘द टी.ए.एम.आय. शो’ वितरित केला. तो सँटा मोनिकाच्या सभागृहात, शाळकरी प्रेक्षकांसमोर चित्रित केलेला संगीताचा कार्यक्रम होता. चक बेरी, मार्विन गे, सुप्रीम्स, जेम्स ब्राऊन, बीच बॉइज, रोलिंग स्टोन्स असे सगळे एकाच मंचावर, आणि मागे नाचणाऱ्यांत काळ्या-गोऱ्या मुली एकत्र. बीच पार्टी चित्रपटांत जे ‘शक्यच नव्हतं’ असं आज सांगितलं जातं, ते समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घडत होतं.

आणि १९७० च्या दशकात शहरी कृष्णवर्णीय प्रेक्षक तिकीट काढतो हे कळल्यावर एआयपीनेच ‘ब्लॅक्युला’ (१९७२), ‘कॉफी’ (१९७३) आणि ‘फॉक्सी ब्राऊन’ (१९७४) काढले. नंतरच्या दोन्हींत पॅम ग्रियर नायिका. धोरण बदललं नव्हतं, गिऱ्हाईक बदललं होतं.

९. सर्फिंग मुळात हवाईचं. मग हवाईची माणसं कुठे आहेत?

सजावटीत. बोर्ड त्यांचा, शर्ट त्यांचे, झावळ्यांची खोपटी त्यांची आणि ‘गिजेट’मधल्या सर्फरांच्या म्होरक्याचं ‘बिग कहुना’ हे बिरुदही त्यांचं. तो म्होरक्या साकारला क्लिफ रॉबर्टसनने. ड्यूक कहानामोकूसारख्या हवाईच्या जलतरणपटूंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कॅलिफोर्नियाला सर्फिंगची गोडी लावली होती. १९२५ मध्ये तर कोरोना डेल मारला उलटलेल्या बोटीतल्या आठ जणांना ड्यूकने बोर्डावरून वाचवलं होतं. यातलं काही या चित्रपटांच्या गावीही नाही.

कथा खुद्द हवाईत गेल्यावरही फार फरक पडत नाही. ‘ब्लू हवाई’ (१९६१) मध्ये एल्विसची अर्धी हवाईयन प्रेयसी झाली ती जोन ब्लॅकमन. ‘राइड द वाइल्ड सर्फ’मध्ये लिली किलुआ ही हवाईची मुलगी रंगवली सुझन हार्टने. दोघीही गोऱ्या. प्रेमात पडण्याजोगी स्थानिक मुलगी हवी, पण ती खरोखर स्थानिक नको.

१०. बस्टर कीटनच्या त्या भूमिकांचं काय करायचं?

नाजूक प्रश्न, कारण माणूस मूकपटांच्या सर्वांत थोर विनोदवीरांपैकी. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला काम हवं होतं आणि एआयपीने ते दिलं. ‘पजामा पार्टी’त त्याला ‘चीफ रॉटन ईगल’ नावाचा मूळ अमेरिकन आदिवासी केलं, पिसांसकट. ‘हाउ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’त फ्रँकी नौदलाच्या कामासाठी दक्षिण समुद्रातल्या बेटावर असतो आणि कीटन तिथला मांत्रिक होतो, नाव ‘ब्वाना’. पॅसिफिकमधल्या मांत्रिकाला आफ्रिकेतलं स्वाहिली संबोधन! यावरूनच लेखकांनी किती विचार केला असेल ते कळतं. सगळे ‘रानटी’ एकाच गाठोड्यात बांधलेले. त्याच बेटावरची एक मुलगी आयरीन त्सूने केली. ती शांघायमध्ये जन्मलेली चिनी वंशाची अभिनेत्री.

कीटनची अंगविक्षेपांवरची हुकमत दोन्ही ठिकाणी शाबूत आहे. ती पाहताना हसू येतं आणि त्या वेशामुळे अवघडायलाही होतं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

हा विनोद पहिल्याच चित्रपटात पेरलेला होता हे मात्र लक्षात ठेवा. ‘बीच पार्टी’तला प्राध्यापक मानववंशशास्त्रज्ञ आहे आणि दुर्बिणीतून पोरापोरींचं प्रेमवर्तन एखाद्या आदिम टोळीचं नोंदवावं तसं नोंदवतो. गोऱ्या पोरांना ‘जंगली’ म्हणण्यातली गंमत चालते, कारण खरे जंगली कोण हे प्रेक्षकाने आधीच ठरवलेलं आहे असं चित्रपट धरून चालतो.

११. फ्रँकी आणि ॲनेट दोघंही इटालियन वंशाचे. ही विविधता नाही का?

आहे, आणि ती सहज नजरेआड होते. फ्रँकी जन्माने अव्हलोने, फिलाडेल्फियाचा. ‘गिजेट’चा नायक जेम्स डॅरन मूळचा एर्कोलानी. ‘राइड द वाइल्ड सर्फ’मधला फेबियन हा फोर्टे. ‘व्हेअर द बॉइज आर’मधली कॉनी फ्रान्सिस ही कॉन्चेट्टा फ्रँकोनेरो. एक-दोन पिढ्यांपूर्वी इटालियन स्थलांतरितांना अमेरिकेत तुच्छ लेखलं जायचं. १९६३ मध्ये त्यांची नातवंडं ‘शेजारचा अमेरिकन मुलगा’ आणि ‘शेजारची अमेरिकन मुलगी’ झाली होती. ॲनेटने तर फुनिसेलो हे आडनावही बदललं नाही.

फक्त पात्रांना हा वारसा मिळाला नाही. पडद्यावर ती नुसती फ्रँकी आणि डीडी असतात. खरी इटालियन व्यक्ती येते ती ‘मसल बीच पार्टी’तली श्रीमंत काउंटेस (लुचियाना पालुत्झी), फ्रँकीला भुलवायला. हंगेरियन वेट्रेस, स्वीडिश सुंदरी, इंग्लिश पॉपगायक अशा परक्या उच्चारांच्या माणसांचं या मालिकेत एकच काम: थोडा गोंधळ घालायचा आणि शेवटाआधी वाटेतून दूर व्हायचं.

१२. गिजेट खरी मुलगी होती म्हणतात. ती ज्यू होती का?

हो. ‘गिजेट’ ही १९५७ ची कादंबरी फ्रेडरिक कोनर यांची. ते बोहेमियात जन्मलेले ज्यू. बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत काम करत होते आणि नाझी सत्तेवर आल्यावर अमेरिकेत आले. त्यांच्या मुलीच्या मालिबूतल्या सर्फिंगच्या गोष्टींवरून त्यांनी कादंबरी लिहिली. पडद्यावर ती फ्रान्सी लॉरेन्स झाली, चारचौघांसारख्या अमेरिकन घरातली. निर्वासित बापाची लेक किनाऱ्यावरच्या टोळक्यात जागा मिळवते, ही मूळ गोष्ट मला चित्रपटापेक्षा कितीतरी रंजक वाटते. नायिका झालेली सँड्रा डी हीदेखील जन्माने अलेक्झांड्रा झक, पूर्व युरोपीय वंशाची.

१३. मेक्सिकन वंशाचे लोक? कॅलिफोर्निया तर त्यांचीच भूमी होती.

कथेत जवळपास नाहीत. पण ‘गिजेट’चं चित्रीकरण ज्या किनाऱ्यावर झालं त्याचं नाव लिओ कॅरिलो. हा नट कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिशभाषक घराण्यातला आणि ‘सिस्को किड’मधला पांचो म्हणून प्रसिद्ध. पाटीवर त्यांचं नाव, चौकटीत ते नाहीत. सँड्रा डीच्या जागी विग घालून लाटांवर उभा राहिलेला सर्फरही मिकी मुन्योज होता.

आणखी एक नाव: ‘अ स्विंगिंग समर’ (१९६५) मधली चष्मेवाली अभ्यासू मुलगी म्हणजे रॅकेल वेल्च. जन्मनाव जो रॅकेल तेहादा, वडील बोलिव्हियाचे. वेल्च हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव.

१४. सर्फ संगीत तरी गोऱ्या पोरांचं खास आपलं होतं ना?

तेही नाही. ‘बीच पार्टी’त वाजवणारा डिक डेल, म्हणजे सर्फ गिटारचा राजा, जन्माने रिचर्ड मॉन्सूर, वडिलांकडून लेबनीज. त्याचं गाजलेलं ‘मिसर्लू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातली जुनी चाल आहे. बीच बॉइजचं ‘सर्फिन यूएसए’ (१९६३) चक बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’च्या चालीवर बेतलेलं आहे आणि त्याचं श्रेय पुढे बेरीला द्यावं लागलं.

‘बिकिनी बीच’मध्ये तुळतुळीत टकलांचा पिरॅमिड्स नावाचा लाँग बीचचा बँड दिसतो. त्यातला गिटारवादक विली ग्लोव्हर कृष्णवर्णीय होता. काळे-गोरे एकत्र वाजवणारा सर्फ बँड या चित्रपटांत आहे, पण कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा टकलांवरून नजर जरा खाली आणा.

१५. मुलींच्या बाबतीत हे चित्रपट पुढारलेले की मागासलेले?

चित्रपटागणिक उत्तर बदलतं. ‘गिजेट’ला बोर्ड हवा असतो आणि ती तो मिळवते, १९५९ साठी हे लहान नाही. एआयपीच्या चित्रपटांत मुली बहुतेक वेळ वाळूवर बसून मुलगे लाटांवर काय करतात ते पाहतात, आणि ॲनेटचं सगळं धोरण ‘आधी लग्न’ या दोन शब्दांत मावतं. तरी तिच्या पात्राला स्वतःचं मत आहे. फ्रँकीला ते असल्याची खूण फारशी दिसत नाही.

अपवाद ‘इट्स अ बिकिनी वर्ल्ड’. दिग्दर्शक स्टेफनी रॉथमन. या प्रकारात बाई दिग्दर्शक असणंच दुर्मीळ. नायिका (डेब्रा वॉली) स्वतःला मदनाचा पुतळा समजणाऱ्या नायकाला खेळाच्या मैदानात आव्हान देते.

१६. समलैंगिक पात्रं होती का?

पात्रं नव्हती, कलाकार होते. ‘पजामा पार्टी’चा नायक टॉमी कर्क समलैंगिक असल्याचं कळल्यावर डिस्नेने त्याला दूर केलं होतं. एआयपीत तो मंगळावरून आलेला पाहुणा झाला. ‘राइड द वाइल्ड सर्फ’मधल्या टॅब हंटरने आपली ओळख २००५ च्या आत्मचरित्रात उघड केली. ‘स्की पार्टी’त गाणारी लेस्ली गोरही त्याच वर्षी जाहीरपणे बोलली.

त्याच ‘स्की पार्टी’त फ्रँकी आणि ड्वेन हिकमन मुलींचे कपडे घालून वावरतात आणि एक रुबाबदार तरुण त्यातल्या एकीच्या, म्हणजे एकाच्या, प्रेमात पडतो. विनोद जुनाच, पण तो ज्या आनंदाने लांबवला आहे त्यात आजच्या प्रेक्षकाला बरंच काही वाचता येतं.

१७. एखादं भारतीय पात्र?

मुख्य सात चित्रपटांच्या कथेत नाही. तेव्हा अमेरिकेत भारतीय होतेच मूठभर. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो बदलला ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि मराठी डॉक्टर-इंजिनियर मंडळी मोठ्या संख्येने गेली ती त्यानंतर. हॉलिवूडच्या विनोदात त्या सुमाराला भारतीय कसा दिसायचा हे पाहायचं तर ‘द पार्टी’ (१९६८) आहे: चेहऱ्याला रंग फासलेला पीटर सेलर्स. दहाव्या प्रश्नातला अवघडलेपणा तिथेही भेटेल.

१८. ‘द हॉरर ऑफ पार्टी बीच’ इतका वाईट का मानतात?

राक्षसांमुळे नव्हे (ते तोंडात सॉसेजचा गठ्ठा कोंबल्यासारखे दिसतात, आणि त्यासाठी तो पाहावाच). १९६४ चा हा भयपट कनेक्टिकटमध्ये केलेला, एआयपीचा नाही. त्यात युलाबेल ही कृष्णवर्णीय मोलकरीण आहे: भेदरट, जादूटोण्यावर विश्वास ठेवणारी, तीस वर्षं शिळ्या साच्यातली. पण गंमत बघा, राक्षसांना मारणारं सोडियम हाती लागतं ते तिच्या हातून बाटली सांडते म्हणून. वाळूभोवतीच्या या साऱ्या चित्रपटांत कथानक पुढे नेणारी कृष्णवर्णीय व्यक्ती भेटते ती इथे, आणि तिच्याकडूनही ते चुकून घडतं.

१९. पुढच्या काळात कुणी हे दुरुस्त केलं का?

‘बॅक टू द बीच’ (१९८७) मध्ये फ्रँकी-ॲनेट मध्यमवयीन होऊन परतले. दिग्दर्शक लिंडल हॉब्स ही स्त्री. ॲनेट तिथे फिशबोन या कृष्णवर्णीय बँडबरोबर गाते, शेजारी उभी राहून. चौथ्या प्रश्नातलं अंतर त्या गाण्यापुरतं मिटतं. डिस्नेच्या ‘टीन बीच मूव्ही’त (२०१३) साठच्या दशकातली टोळी मिश्र वर्णाची दाखवली आहे. आजच्या मुलांसाठी ते बरंच, पण त्यातून ‘तेव्हाही असंच होतं’ असा समज व्हायचा धोका आहे. अशा वेळी सहावं आणि सातवं उत्तर हाताशी ठेवावं.

२०. सुरुवात कुठून करू? आणि मुलांना दाखवावेत का?

‘मसल बीच पार्टी’पासून. त्यात स्टीव्ही वंडर आणि डिक डेल दोघंही आहेत. मग ‘स्की पार्टी’, जेम्स ब्राऊनच्या प्रवेशासाठी. त्याला जोडूनच ‘द टी.ए.एम.आय. शो’ बघा. तोच ब्राऊन, सगळा मंच त्याचा असताना काय करतो ते कळेल. ‘इट्स अ बिकिनी वर्ल्ड’ त्यानंतर.

एआयपीचे चित्रपट दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत बघायला हरकत नाही. कीटनच्या प्रवेशांच्या वेळी दोन वाक्यं बोलावी लागतील एवढंच. ‘व्हेअर द बॉइज आर’ मात्र त्यांना दाखवू नका. जाहिरातीत तो धमाल सुटीचा दिसतो, पण त्यात एका मुलीवर झालेल्या अत्याचाराचा भाग आहे आणि तो हलका घेतलेला नाही.